क्रूझचं जहाज गोदीत जाणार असेल तर बुकिंग करावं का?

क्रूझ निवडताना आपण बंदरं बघतो, केबिन बघतो, भाव बघतो. जहाज दुरुस्तीला कधी जाणार आहे, हे मात्र सहसा कुणी बघत नाही. मग पैसे भरून झाल्यावर कुठूनतरी कळतं की जहाज लवकरच गोदीत जाऊन कात टाकणार आहे, आणि डोक्यात भुंगा सुरू होतो. आपल्या वाट्याला झिजलेले गालिचे येणार का? थोडं थांबून नव्या रूपातलं जहाज गाठावं का? की आत्ता भाव उतरलाय तर हीच संधी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. जहाज जुनं मिळणार की नवं, याला लोक उगाच जास्त महत्त्व देतात. खरा फरक पडतो तो तुमची सफर आणि गोदीची तारीख यांच्यात किती आठवड्यांचं अंतर आहे, त्यानं. सहा महिने आधी गेलात तर जहाज नेहमीसारखंच असतं. दोन महिन्यांनी गेलात तर नवं जहाज बऱ्यापैकी बस्तान बसवून असतं. डोकेदुखी असते ती गोदीत शिरण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आणि बाहेर पडल्यावरच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत. असं का होतं, हे समजायला गोदीत नक्की काय चालतं ते बघावं लागेल.

गोदीत जायचं कशाला?

जहाज गोदीत जातं ते मुळात सजण्यासाठी नाही. टायटॅनिक बुडाल्यावर 1914 साली समुद्रातल्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचीच आजची सुधारित आवृत्ती म्हणजे ‘सोलास’. या व्यवस्थेतला साधारण नियम असा की प्रवासी जहाजाचा तळ 5 वर्षांत निदान दोनदा पाण्याबाहेर काढून तपासला पाहिजे, आणि अशा दोन तपासण्यांमध्ये 36 महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. तुलनेनं नव्या जहाजांना काही अटींवर यात सवलत मिळते. मधली एखादी तपासणी पाणबुडे (डायव्हर) पाठवून पाण्यातच करून घेता येते. पण आज ना उद्या प्रत्येक जहाजाला ड्राय डॉकमध्ये, म्हणजे सुक्या गोदीत, जावंच लागतं.

सुकी गोदी म्हणजे समुद्राला लागून बांधलेला एक अवाढव्य हौद. तळाशी लाकडाचे आणि काँक्रीटचे ठोकळे आधीच मांडून ठेवलेले असतात. ते कसेही मांडून चालत नाहीत. जहाजाचा भार पेलू शकतील अशा मजबूत जागा कुठे आहेत, कुठल्या भागाखाली पाणी आत घेण्याची तोंडं आहेत, हे दाखवणारा त्या जहाजाचा स्वतंत्र नकाशा असतो आणि ठोकळे त्याबरहुकूम लावतात. जहाज आत येतं, मागचं दार बंद होतं आणि पंप पाणी उपसायला लागतात. पाणी उतरतं तसं जहाज ठोकळ्यांवर टेकायला लागतं. या वेळी ते इकडचं तिकडे सरकू नये म्हणून दोर ताणून धरलेले असतात आणि पाणबुडे खाली उतरून ते बरोबर बसतंय ना, हे बघतात. सगळं पाणी गेलं की एरवी कुणालाच न दिसणारा तो तळ उघडा पडतो. शेवाळ आणि शिंपल्यांची पुटं जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं खरवडून काढतात आणि ती पुन्हा धरू नयेत म्हणून खास रंग देतात. ठोकळ्यांवर टेकलेल्या जागेपर्यंत मात्र रंगाचा हात पोचत नाही. म्हणून पुढच्या वेळी ठोकळे थोडे सरकवून मांडतात, म्हणजे राहिलेल्या चौकोनांनाही रंग मिळतो.

याच वेळी जहाज पुढे ढकलणारे पंखे, त्यांचे दांडे, डोलणं कमी करणारे पंखांसारखे स्टॅबिलायझर, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा असं सगळं तपासून, उघडून, बदलून होतं. खर्चाचा आणि मेहनतीचा मोठा भाग इथे जातो आणि प्रवाशाला यातलं काहीच दिसत नाही. तळ गुळगुळीत झाला की इंधन कमी लागतं, पण तो फायदा कंपनीचा.

जहाज तसंही रिकामं उभं आहे, तर मग गालिचे, गाद्या, न्हाणीघरं, रेस्टॉरंटं यांचंही काम उरकून घ्यावं, असा हिशेब पुढे येतो. आपण ज्याला नूतनीकरण म्हणतो ते हे. म्हणूनच बातमीत नुसतं ‘ड्राय डॉक’ लिहिलं असेल तर फार आशा धरू नका. रंगरंगोटी, थोडे नवे गालिचे, चार नवी यंत्रं, इतकंच. त्यासाठी सुट्टीची तारीख बदलणारे लोक असतात आणि नंतर जहाजावर ‘नवीन काय केलंय?’ म्हणून शोधत फिरतात.

मोठी कामं वेगळीच असतात. 2005 साली ‘एन्चँटमेंट ऑफ द सीज’ हे जहाज रॉटरडॅममध्ये चक्क मधोमध कापलं, त्यात 22 मीटर लांबीचा तयार भाग बसवला आणि पुन्हा जोडलं. 151 केबिन वाढल्या. ‘क्वीन मेरी 2’चं 2016 साली हँबर्गमध्ये मोठं काम झालं. त्यात इतर बदलांबरोबर एकट्या प्रवाशांसाठी 15 केबिन आल्या आणि प्रवाशांच्या कुत्र्यामांजरांसाठी जास्तीची जागाही. अशा कामाची घोषणा कंपनी वाजतगाजत करते. घोषणा झालीच नसेल तर काम किरकोळ आहे, असं खुशाल धरा.

सगळी गडबड वेळेची

साधारण काम दोन-तीन आठवड्यांत उरकतात. त्या दिवसांत तिकिटाचा एक पैसा येत नाही आणि गोदीचं भाडं, कामगारांची मजुरी, बोटीवरच्या लोकांचे पगार चालूच असतात. त्यामुळे गोदीतला एकेक दिवस वाचवायचा प्रयत्न होतो. तो वाचवतात कसा? काही काम आधीच सुरू करून आणि काही नंतरसाठी ठेवून. म्हणजे प्रवासी जहाजावर असतानाच.

शेवटच्या फेऱ्यांमध्ये कंत्राटदारांची माणसं प्रवाशांच्याच केबिनांमध्ये राहायला येतात. मोजमापं घेतली जातात. एखादा लाऊंज बंद होतो, सामान डेकवर येऊन पडतं, एखाद्या मजल्यावरच्या केबिना विक्रीतून काढून टाकतात. गालिचा चार आठवड्यांनी उखडायचाच आहे, तर आता त्यावरचा डाग कोण काढत बसणार? सुरक्षेत सहसा हात आखडता घेत नाहीत, दिखाव्यात मात्र घेतात.

बहुतेक वेळा त्रास एवढाच असतो. पण हाताबाहेर गेल्याचीही उदाहरणं आहेत. 2018 साली ‘नॉर्वेजियन सन’ जहाज मायामीहून पनामा कालव्यातून लॉस एंजेलिसला निघालं होतं, 16 दिवसांची सफर. पुढे गोदीत जायचं असल्यानं प्रवासातच काम सुरू होतं. डेकवर घासकाम, हवेत धूळ, रसायनांचा वास, बंद ठेवलेल्या जागा, अशा तक्रारी करत प्रवासी जहाजावरच जमा झाले आणि बातमी जगभर गेली. कंपनीनं सुरुवातीला देऊ केली ती पुढच्या सफरीवर 25 टक्के सवलत. ज्यांना पुन्हा त्या वाटेला जायचंच नव्हतं, त्यांना त्याचा काय उपयोग?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गोदीच्या दिशेनं नेणारी एकमार्गी सफर, म्हणजे एका बंदरातून निघून दूरच्या दुसऱ्याच बंदरात उतरवणारी, बऱ्याचदा स्वस्त असते. समुद्रातले दिवस जास्त, बंदरं कमी. वाचत पडायला आवडणाऱ्यांसाठी ती उत्तम, पण नेमक्या याच दिवसांत हातोडा चालायची शक्यताही सगळ्यात जास्त.

तरी आधीच जाण्याच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. नूतनीकरण हा धंद्याचा हिशेब असतो: कुठली जागा पैसे देत नाही ते शोधायचं आणि तिला कामाला लावायचं. त्यात पहिला बळी जातो तो वाचनालयाचा, पत्त्यांच्या खोलीचा, काचेतून समुद्र दिसणाऱ्या शांत कोपऱ्याचा. त्यांच्या जागी जादा पैसे मोजून जेवायचं रेस्टॉरंट येतं, नाहीतर नव्या केबिना. 2013 साली ‘कार्निव्हल डेस्टिनी’ 15.5 कोटी डॉलर खर्चून ‘कार्निव्हल सनशाइन’ झालं, तेव्हा 182 केबिन वाढल्या. जहाजाचा आकार तोच, माणसं शेकड्यांनी जास्त. साहजिकच पुढे गर्दीच्या तक्रारी आल्या. तेव्हा तुम्हाला एखादं जहाज आवडतं ते त्याच्या मोकळेपणासाठी असेल, तर कात टाकण्याआधीच एकदा जाऊन या.

पहिली फेरी

नव्या रूपातल्या जहाजाची पहिली फेरी घेण्याची अनेकांना हौस असते. छायाचित्रं छान येतात, गाद्या कुणी वापरलेल्या नसतात. पण गोदीतून निघताना कामाची यादी क्वचितच संपलेली असते. राहिलेलं काम करायला कंत्राटदारांची माणसं पुढच्या फेऱ्यांतही जहाजावर असतात. डिंकाचा आणि रंगाचा वास रेंगाळतो. वातानुकूलन एका केबिनमध्ये गोठवतं आणि शेजारच्या केबिनमध्ये घाम काढतं, कारण उघडून पुन्हा जोडलेल्या यंत्रणेचा तोल जमायला वेळ लागतो. जहाजावरची शौचालयं हवेच्या ओढीवर चालतात. नळ्यांत कुठे बांधकामाचा कचरा अडकला तर अख्ख्या ओळीतली बंद पडू शकतात. नव्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर, नवा पदार्थ, नवे वाढपी, सगळे शिकत असतात. शिवाय कंपनीनं वर्षभर ज्या घसरगुंडीची जाहिरात केली तीच नेमकी ‘लवकरच सुरू होत आहे’ अशा फलकामागे असते.

म्हणून माझा कल तिसऱ्या-चौथ्या फेरीकडे. तोवर माणसं रुळलेली असतात, वास गेलेला असतो आणि वस्तू अजून नव्याच असतात. भाव मात्र नव्याचे नऊ दिवस चढेच राहतात. खिशाचा विचार असेल तर गोदीच्या चार-पाच महिने आधीची फेरी बघावी: काम सुरू झालेलं नसतं आणि ‘नवं’ म्हणून जास्तीचे पैसेही मोजावे लागत नाहीत.

आणि काम लांबलं तर?

ही भीती फक्त गोदीनंतरच्या बुकिंगला असते, आणि तिचा विचार लोक सगळ्यात कमी करतात. मोठी जहाजं मावतील अशा गोद्या जगात मोजक्याच आहेत. बहामातलं फ्रीपोर्ट, स्पेनमधलं कादिझ, फ्रान्समधली मार्सेय आणि ब्रेस्ट, सिंगापूर अशी काही नावं पुन्हापुन्हा येतात. मार्सेयची 10 क्रमांकाची गोदी 465 मीटर लांब आणि 85 मीटर रुंद आहे. ‘ओअॅसिस ऑफ द सीज’सारखं 361 मीटरचं जहाज तिथे सहज मावतं, पण अशी जागा दर बंदरात नसते. तारखा खूप आधीपासून ठरलेल्या असतात. तुमच्या जहाजाच्या आधीचं जहाज अडकलं तर तुमचंही अडकतं, आणि पटकन दुसरीकडे न्यावं तर जागा रिकामी नसते.

गोदीतलं काम कसं अडू शकतं, हे 1 एप्रिल 2019 ला फ्रीपोर्टमध्ये दिसलं. ‘ओअॅसिस’ गोदीत असताना बांधकामाची क्रेन तिच्या मागच्या भागावर कोसळली. काही कामगारांना दुखापत झाली, जहाजाचं नुकसान झालं आणि पुढच्या तीन सफरी रद्द कराव्या लागल्या. ते काम तर नूतनीकरणाचंही नव्हतं, नेहमीच्या देखभालीचं होतं. तिकिटाचे पैसे अशा वेळी परत मिळतात. विमानाचं स्वतः काढलेलं तिकीट, हॉटेल, रजा यांचं काय, हा प्रश्न ज्याचा त्याला सोडवावा लागतो.

म्हणून गोदीनंतरच्या पहिल्या महिन्यातली सफर घेत असाल तर विमान बदलता येईल असं घ्या किंवा क्रूझ कंपनीकडूनच काढा, म्हणजे सफर रद्द झाल्यावर ते निस्तरणं त्यांच्या गळ्यात पडतं. प्रवास विम्यात कंपनीनं सफर रद्द केल्यास काय मिळतं ते शब्दशः वाचा. ‘जहाजावर ठोकाठोक चालू होती, मजा आली नाही’ याला विमा सहसा दमडीही देत नाही.

कळणार कसं?

सगळ्यात सोपी युक्ती: त्या जहाजाच्या वर्षभराच्या सगळ्या फेऱ्या तारखेनुसार लावून बघा. एरवी एक फेरी संपते त्याच दिवशी दुसरी सुरू होते. मधेच दोन-तीन आठवड्यांचं भगदाड दिसलं, त्यातही आधीची फेरी एखाद्या गोदीजवळच्या बंदरात संपत असेल, तर उत्तर जवळजवळ मिळालंच. कधीकधी जहाज एखाद्या कंपनीनं पूर्ण भाड्यानं घेतलेलं असतं, तेव्हाही अशीच मोकळी जागा दिसते. पण ती बहुधा आठवडाभराचीच.

दुसरी खूण डेकच्या नकाशात सापडते. एकाच जहाजाचे दोन नकाशे दिलेले असतील, ‘अमुक तारखेपर्यंत’ आणि ‘अमुक तारखेपासून’, तर मधे मोठं काम आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या क्रूझ कंपन्या गुंतवणूकदारांना किती दिवस जहाजं गोदीत असतील हे सांगतात. प्रवाशाला जे फोनवर कुणी सांगत नाही, ते तिथे छापलेलं असू शकतं.

फोनवर विचाराल तेव्हा ‘नूतनीकरण आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. त्याला ‘आमच्याकडे माहिती नाही’ हे उत्तर ठरलेलं. ‘माझ्या फेरीत कुठल्या जागा बंद असतील, आणि कंत्राटदार जहाजावर असतील का?’ असं विचारा, तेही मेलवर, लेखी. उत्तर ‘नाही’ आलं आणि प्रत्यक्षात झालं उलटं, तर तोच मेल नंतर उपयोगी पडतो.

केबिनबद्दल एक इशारा. मोठ्या कामात क्रमांक बदलतात, भिंती सरकतात, शांत मजल्याच्या डोक्यावर नवा बार येतो. गोदीनंतरच्या सफरीसाठी केबिन निवडताना नवाच नकाशा घ्या आणि वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांवर काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनाच असतील तर निर्धास्त. नवा नकाशा अजून आलाच नसेल तर मी बुकिंग करायला घाई करणार नाही.

पैसे आणि हक्क

क्रूझच्या करारात कंपनीनं आपल्यासाठी बरीच मोकळीक ठेवलेली असते. मार्ग बदलणं, बंदर गाळणं, एखादी सोय बंद ठेवणं, सगळं त्यात बसतं. जाहिरातीतली चित्रं कल्पनाचित्रं असतात, हेही कुठेतरी बारीक अक्षरात असतंच.

कायद्याचा आधार तुम्ही कुठून बुकिंग करता यावर ठरतो. अमेरिकेतल्या बंदरांतून निघणाऱ्या सफरींना तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनचा (सागरी वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) 2022 पासूनचा नियम लागतो: सफर रद्द झाली, किंवा निघायला 3 दिवस किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही जायचं नाकारलंत, तर पैसे परत. बंद पोहण्याच्या तलावाबद्दल तो काही बोलत नाही. युरोपियन युनियनमध्ये 2015 चा पॅकेज प्रवासाचा कायदा जास्त जवळचा आहे. निघण्याआधी मुख्य गोष्टींत मोठा बदल झाला तर दंड न भरता रद्द करता येतं आणि ठरलेलं मिळालं नाही तर किमतीत कपात मागता येते. ब्रिटनमध्येही 2018 पासून तसेच नियम आहेत.

कायद्यापेक्षा रोजच्या व्यवहारात जास्त कामाला येते ती शेवटच्या हप्त्याची तारीख. बऱ्याच कंपन्यांत ती निघण्याच्या 75 ते 120 दिवस आधी असते. अनामत परत मिळणारी असेल, तर तोवर तारीख बदलणं किंवा रद्द करणं फुकट किंवा स्वस्तात होतं. त्यानंतर दंड चढत जातो. अनामत परत न मिळणाऱ्या भावानं बुकिंग केलं तर ही पळवाट सुरुवातीलाच बंद होते. गोदीच्या आसपासची सफर असेल तर थोडे जास्त पैसे देऊन अनामत परत मिळणारा भाव घ्या आणि शेवटच्या हप्त्याच्या आठवडाभर आधी वेळापत्रक आणि नकाशा पुन्हा एकदा तपासा.

आणि सफरीवर गेल्यावर खरंच हातोडे ऐकू आले तर घरी येऊन पत्र लिहायची वाट बघू नका. पहिल्याच दिवशी खाली गेस्ट सर्व्हिसच्या टेबलाशी जा, केबिन बदलून मागा, तक्रारीची नोंद झाल्याचा कागद किंवा मेल घ्या. बंद जागांचे आणि कामाचे तारीख-वेळ दिसतील असे फोटो काढा. दुसऱ्या टोकाची केबिन रिकामी असेल तर ती पहिल्या दिवशी मागणाऱ्याला मिळते, पाचव्या दिवशी चिडलेल्याला नाही. भरपाई देऊ केली तर ती बऱ्याचदा जहाजावरच्या तुमच्या खात्यात जमा होते, आणि अशी जमा शेवटच्या रात्रीपर्यंत खर्चली नाही तर बहुतेकदा बुडते. तेव्हा हे पैसे उतरताना परत मिळणारे आहेत का, एवढं टेबलावरून उठायच्या आत विचारून घ्या.